पिकअप घेऊ की व्हॅन? सहाव्या माणसाचा हिशेब

ज्यांनी हा भाग ऐकला, त्यांना इथं आकडे निवांत वाचता येतील. ज्यांनी ऐकला नाही त्यांचंही काही अडणार नाही, सगळं खाली आहे. बोलता बोलता मी दोन-तीनदा भरकटलो होतो, तेवढं कापलंय.

विषय एका व्हॉइस नोटवरून निघाला. शहादा तालुक्यातला श्रोता आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "भाऊ, घरात आई-वडील, आम्ही दोघं आणि दोन पोरं. पाच एकर पपई, दोन एकर मिरची. गाडी एकच घ्यायची आहे. इको घेऊ की चार दरवाज्यांची पिकअप? दोस्त म्हणतो पिकअप घे, माणसंही बसतात आणि मालही जातो, एका दगडात दोन पक्षी."

प्रश्न साधा वाटतो. पण घरातली माणसं मोजा. सहा. आणि चार दरवाज्यांच्या पिकअपमध्ये, म्हणजे आपल्याकडची बोलेरो कॅम्पर धरली तर, ड्रायव्हर धरून जागा पाच. हा सहावा माणूस कुठं बसणार, यावर आजचा अर्धा भाग आहे. आधी बाकीचं बघू.

अमेरिकेत हा वाद जुना आहे. तिथं १९८३च्या शेवटी क्रायस्लरने मिनीव्हॅन आणली. सपाट फरशी, सरकता दरवाजा, घरचे सगळे आत आणि सीट काढल्या की प्लायवूडचा अख्खा तक्ता आडवा जायचा. तरी तिथल्या माणसाला पिकअपच आवडते, कारण ती मर्दानी दिसते. तिथले हिशेबी लोक सांगत असतात की बाबा, तुझा हौदा वर्षातले बहुतेक दिवस रिकामा फिरतो, त्यापेक्षा व्हॅन घे. आपल्याकडे हा सल्ला जशाच्या तसा लागू होत नाही. इथं हौदा रिकामा फिरत नाही. माल नसला की त्यात माणसं असतात.

आता गाड्या बघू. व्हॅन म्हटलं की आपल्यासमोर येते मारुती इको. २०१० पासून आहे, त्याआधी ओम्नी होती. इंजिन १,१९७ सीसी, पेट्रोल किंवा सीएनजी, मागची चाकं ओढतात, दरवाजे सरकतात. आता ती पाच सीटची किंवा सहा सीटची मिळते; सात सीटवाली २०२५ मध्ये बंद झाली. त्याच्या वरची पायरी अर्टिगा, सात सीट, पुढची चाकं ओढणारी. पिकअपच्या बाजूला बोलेरो कॅम्पर, टाटा योद्धाची मोठ्या केबिनवाली, आणि इसुझूची एस-कॅब. हायलक्स आणि व्ही-क्रॉस शेवटी घेऊ, त्या वेगळ्या दुनियेतल्या आहेत.

माल नेमका किती दिवस असतो?

श्रोत्याकडे पाच एकर पपई आहे म्हटल्यावर मित्राने लगेच पिकअप सुचवली. पण शहाद्याची पपई जाते कशी? व्यापारी बांधावर येतो, त्याचे मजूर तोडतात, त्याचा ट्रक भरतो आणि माल थेट दिल्ली, उत्तर प्रदेश, राजस्थानकडे जातो. भाव कितीचा द्यायचा यावर दरवर्षी बाजार समितीत बैठका होतात, वाद होतात, पण वाहतूक शेतकऱ्याच्या डोक्यावर नसते. उसाचं तसंच. कारखान्याची तोड आली की कारखान्याची व्यवस्था येते. म्हणजे पाच एकर पपईसाठी पिकअपची एक फेरीसुद्धा लागत नाही.

मिरचीचं मात्र वेगळं. ओली लाल मिरची आपणच पोत्यात भरून नंदुरबारच्या मार्केटला न्यायची. साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं आणि चार-पाच महिने चालतं. मार्केटच्या बाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत घातलेली तुम्ही पाहिलीच असेल, सगळं शिवार लाल. आठवड्याला एक फेरी धरली तर मोसमात वीस-बावीस फेऱ्या. शिवाय खतं, ठिबकच्या नळ्या, फवारणीचे ड्रम, रोपं, अधूनमधून एखादी शेळी.

आता पैशांकडे. इको सहा लाखांच्या आसपास आणि कॅम्पर दहाच्या आसपास धरू. तुमच्या शोरूमचा खरा आकडा तुम्ही टाका, पद्धत तीच. फरक चार लाखांचा. दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी हे चार लाख घेतले तर हप्ता होतो महिन्याला साधारण ८,५०० रुपये. हा फक्त फरकाचा हप्ता आहे, गाडीचा नाही.

मग विमा. कॅम्पर ही पिवळ्या पाटीची, मालवाहू गाडी. २०२२ साली ठरलेल्या दरांत १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी कारचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला ३,४१६ रुपये आणि साडेसात टनांपर्यंतच्या भाड्याच्या मालगाडीचा १६,०४९ रुपये. फरक महिन्याला हजारभर. फिटनेस वेगळं: गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी आरटीओला हजेरी. खासगी व्हॅनला पंधरा वर्षं ही कटकट नाही. लायसनची मात्र काळजी नको, साध्या एलएमव्ही लायसनवर साडेसात टनांपर्यंतची मालगाडी चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलंय. आणि एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असेल तर परमिटही लागत नाही.

डिझेलमुळे पिकअप स्वस्तात पळते, असं खूप जण सांगतात. महिन्याला हजार किलोमीटर धरा. इकोने पंधरा दिले आणि पेट्रोल १०५ रुपये, तर सात हजार. कॅम्परने बारा दिले आणि डिझेल ९१, तर साडेसात हजारांच्या थोडं वर. म्हणजे जवळपास बरोबरीच, उलट थोडं जास्तच.

तर पिकअपसाठी तुम्ही महिन्याला साडेनऊ हजार, वर्षाला एक लाख चौदा हजार जास्तीचे मोजताय. गावातला पिकअपवाला प्रकाशामार्गे नंदुरबारच्या फेरीचे दोन हजार घेतो असं धरलं, तर बावीस फेऱ्यांचे चव्वेचाळीस हजार. पिकअप घेतली म्हणजे त्या फेऱ्यांना डिझेल लागणार नाही असंही नाही. या हिशेबात पिकअप तेव्हाच जमते जेव्हा तुम्ही इतरांची भाडी मारणार. मग ती घरची गाडी राहत नाही. तो धंदा झाला, आणि सकाळी सहाला आईला डॉक्टरकडे न्यायचं असतं तेव्हा ती नेमकी खेतियाच्या भाड्यावर असते.

व्हॅनच्या विरोधात एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. "इकोच्या सीट दुमडून टाकू चार पोती" हे मिरचीच्या बाबतीत करून बघाच एकदा. बंद गाडीत ओली लाल मिरची आणि नंदुरबारपर्यंतचा रस्ता, ड्रायव्हर प्रकाशाच्या पुलापर्यंत रडत पोहोचतो. नंतर आठवडाभर पोरं शाळेत शिंकत जातात. फवारणीच्या औषधांचं तर त्याहून वाईट, ती माणसांच्या श्वासाच्या जागेत ठेवूच नयेत. उघड्या हौद्याचा खरा फायदा वजनापेक्षा हा आहे: घाण, वास आणि विष केबिनच्या बाहेर राहतं.

पाटे कशासाठी असतात

पिकअपच्या मागच्या चाकांवर लोखंडी पाटे असतात. ते टनभर वजनासाठी बनवलेले असतात. वजन पडलं की ते वाकतात आणि गाडी नीट चालते. हौदा रिकामा असला की ते वाकतच नाहीत, म्हणून मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाची पाठ प्रत्येक खड्डा मोजते. दुसरी गंमत, गंमत म्हणजे भीतीची: रिकाम्या पिकअपचं बहुतेक वजन पुढच्या चाकांवर आणि ओढतात मागची. पावसात वळणावर जोरात ब्रेक मारला की मागची बाजू घसरून पुढे यायला बघते. म्हणून अनुभवी ड्रायव्हर रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा जपून चालवतो. नवशिक्यांचं नेमकं उलटं असतं.

व्हॅन यातून सुटते असं नाही. इकोची चाकं तेरा इंची, गाडी अरुंद आणि उंच. सहा जण आणि वर सामान घेऊन घाट चढताना ती पहिल्या गिअरमध्ये कण्हते. २०१६ साली ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तेव्हाच्या बिनएअरबॅगच्या इकोला शून्य स्टार मिळाले होते. आता एअरबॅग आल्यात, पण मूळ ढाचा जुनाच. अर्टिगालाही २०२४ च्या चाचणीत मोठ्या माणसांसाठी एकच स्टार होता. मग पिकअपला किती स्टार? मिळतच नाहीत, कारण आपलं भारत एनकॅप फक्त प्रवासी गाड्या तपासतं. मालगाडीचा पत्रा जाड दिसतो म्हणून ती सुरक्षित, हे आपण मनाने ठरवलेलं आहे.

आरसीवर दोन आकडे बघायची सवय लावा: रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. दोघांतला फरक म्हणजे माणसं अधिक माल. "एक टनाची गाडी" म्हणून वीस गोण्या डीएपी टाकल्या, पन्नास-पन्नास किलोच्या, आणि वर पाच माणसं बसली, की साठच्या हिशेबाने तीनशे किलो जास्त झाले. एकाच फेरीत माणसं आणि माल दोन्ही पूर्ण भरायचे, हे गाडीच्या कागदावरच बसत नाही. दोन पक्षी वगैरे ठीक आहे, पण दगड तेवढाच आहे.

सहावा माणूस

आता त्या सहाव्याकडे येऊ. शहाद्याहून सारंगखेड्याच्या यात्रेला निघालात. पाच जण आत बसले. सहावा कोण? बहुतेक वेळा धाकटा भाऊ किंवा मोठा पोरगा म्हणतो, "मी मागे बसतो, हवा लागते." पहिल्या दिवशी तो एकटा असतो. पुढच्या लग्नाला त्याच्यासोबत चार मित्र असतात. तिसऱ्या वर्षी गावातले लोक सांगतात, भाऊ तुझी गाडी आहेच, पंचवीस जण आहेत, डिझेलचे देतो.

जानेवारी २०२१ मध्ये तोरणमाळजवळच्या खडकी घाटात मजुरांना नेणारी गाडी दरीत गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ऐन धनत्रयोदशीच्या दिवशी अस्तंब्याच्या यात्रेहून परतणारी पिकअप चांदशैली घाटात कोसळली. त्यात गेलेले बरेच जण आपल्याच वयाचे होते. ज्यांच्या घरी त्या दिवाळीत दिवे लागले नाहीत, त्यांच्यातलं कुणी हे ऐकत असेल, म्हणून इथं मी जास्त तपशिलात जात नाही. फक्त यातलं विज्ञान सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही.

गोणी हौद्यात आडवी पडली की तिचं वजन तळापासून वीतभर उंचीवर असतं. उभ्या माणसाचं वजन त्याच्या बेंबीच्या आसपास, म्हणजे तळापासून मीटरभर वर. तेवढेच किलो, पण गाडी उलटायला कितीतरी सोपी. आणि गोणी वळणावर जागा सोडत नाही. माणसं सोडतात. गाडी डावीकडे वळली की पंचवीस जण एकदम उजवीकडच्या फाळक्यावर कलतात, म्हणजे ज्या बाजूला गाडी आधीच झुकलीय त्याच बाजूला टनभर वजन सरकतं. उतारावर ब्रेक तापलेले असताना हे घडलं तर ड्रायव्हर कितीही तयारीचा असो, त्याच्या हातात फार काही उरत नाही. पट्टा नाही, छप्पर नाही, धरायला फक्त ताडपत्रीचा लोखंडी बार.

विम्याचं सांगतो, कारण हे बहुतेक पिकअप मालकांना खरंच माहीत नसतं. मालगाडीचा विमा कायद्याने कुणाला धरतो? ड्रायव्हर, रस्त्यावरचा तिसरा माणूस, आणि १९९४ च्या दुरुस्तीपासून गाडीत माल असेल तर त्या मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी. मिरचीच्या पोत्यांसोबत बाजारला निघालेला शेतकरी यात बसू शकतो. लग्नाचं वऱ्हाड बसत नाही. २००४ साली बलजीत कौर प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलं: मालगाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. कधी कधी कोर्ट सांगतं की कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. मालकाकडून म्हणजे तुमच्याकडून, तुमच्या सात-बाऱ्यावरून. मेलेल्यांच्या घरच्यांना न्याय मिळायला वर्षं लागतात आणि गाडीवाल्याचं घर बसतं, दोन्ही एकदम. दंडाचं तर मी बोलतच नाही, तो यापुढे चिल्लर आहे.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, लोक अडाणी आहेत म्हणून हौद्यात बसतात. हे मला अजिबात पटत नाही. मोलगीच्या बाजारला, धडगावच्या भोंगऱ्याला, काठीच्या होळीला जायला एसटी किती आहेत ते बघा. २०२१-२२ च्या संपात तर एसटी महिनोन् महिने नव्हतीच. काळीपिवळी आणि क्रुझर भरल्याशिवाय हलत नाहीत. दिवाळीनंतर गुजरातला ऊसतोडीला निघणारं कुटुंब भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं असं बिऱ्हाड घेऊन निघतं, त्यांना कुठली व्हॅन पुरणार? डोकी वाटून घेतली की हौदा सगळ्यात स्वस्त. ही निवड परिस्थितीने लादलेली आहे. पण घरासाठी दहा लाख मोजणाऱ्या शहाद्याच्या माणसावर ती लादलेली नाही, त्याच्याकडे दुसरा पर्याय आहे.

मग पिकअप कुणी घ्यावी?

अक्राणी तालुक्यात किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरपट्ट्यात राहत असाल तर माझं उत्तर बदलतं. तिथं भाड्याची गाडी फोन केल्यावर अर्ध्या तासात येत नाही. पाड्यापर्यंतचा शेवटचा तुकडा कच्चा, पावसाळ्यात चिखल. अर्टिगासारखी पुढची चाकं ओढणारी गाडी पूर्ण भरून ओल्या चढावर गेली की वजन मागे सरकतं आणि पुढची चाकं नुसती फिरतात. तिथं उंच, मागून ओढणारी आणि जमल्यास फोर-व्हील ड्राइव्ह कॅम्पर खरंच उपयोगाची आहे. आमचूर, महू, भगर बाजारला न्यायची, येताना किराणा आणि सिमेंट आणायचं, आणि केबिनमध्ये पाच जण पट्टा लावून. पाचच.

आजारी माणसाचं काय? आपल्या डोंगरात अजूनही पेशंटला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणतात, बातम्यांत त्याला बांबूलन्स म्हणतात. रस्त्याला लागल्यावर १०८ आली नाही तर जी गाडी दिसेल ती. बाळंतीण बाईला आडवं झोपवायचं असेल तर व्हॅनची सपाट फरशी आणि डोक्यावरचं छप्पर कामाला येतं. इको कंपनीतूनच अँब्युलन्स म्हणूनही मिळते, ती उगाच नाही. कॅम्परच्या मागच्या सीटवर माणूस पाय दुमडूनच झोपतो. म्हणजे डोंगरात दोन्ही गाड्यांची गरज आहे. एकाच पाड्यात एकाने पिकअप आणि एकाने इको घेतली तर दोघांचं भलं होतं. दोघांनी पिकअप घेतली तर लग्नाला दोन हौदे भरून जातात.

नवापूरकरांचं वेगळं, तुम्ही सुरत-नागपूर हायवेवर आहात, तुमचा अर्धा प्रवास सुरतेकडे. लांबच्या सपाट रस्त्याला अर्टिगा बरी. सीएनजी घेण्याआधी तुमच्या रोजच्या मार्गावर पंप कुठं आहे, तिथं रांग किती असते, हे स्वतः जाऊन बघा.

हायलक्स आणि व्ही-क्रॉस राहिल्या. इन्स्टावर तोरणमाळच्या धुक्यात हायलक्स भारी दिसते, मलाही दिसते. २०२२ ला आली, इंजिन २.८ लिटर, ताकद भरपूर, खासगी पाटीवर मिळते. पण रस्त्यावर यायला तीस लाखांच्या वर, लांबी सव्वापाच मीटरच्या पुढे, आणि सीट? पाचच. शहाद्याच्या जुन्या गल्लीत ती वळवायची म्हणजे दोन दुकानदारांना शटर ओढायला सांगावं लागेल. मिरचीची पोती त्या चकचकीत हौद्यात टाकायला तुमचाच जीव होणार नाही. हौस असेल, पैसे असतील तर घ्या, तिला शेतीचं कारण मात्र जोडू नका.

तर शहाद्याच्या भावा, तुझ्यासाठी: सहा सीटची इको, किंवा आई-वडिलांना लांबचा प्रवास जास्त असेल तर जरा ताणून अर्टिगा. वाचलेल्या पैशातून मिरचीच्या मोसमात गावातल्याच एका पिकअपवाल्याशी आधी भाव ठरवून घे, बावीस फेऱ्या पक्क्या म्हटल्यावर तो कमी करेल. फवारणीचे ड्रम बैलगाडीत नाहीतर शेजाऱ्याच्या ट्रॉलीत. आणि तुझ्या मित्राने स्वतः पिकअप घेतली असेल, तर त्याला एकदा विमा पॉलिसी काढून "सीटिंग कपॅसिटी"च्या पुढचा आकडा वाचायला सांग. पुढच्या शुक्रवारी जुन्या गाड्या घेताना फिटनेसचे कागद कसे तपासायचे ते बघू, त्यासाठी तुमच्या आरसीचा फोटो पाठवू नका, नुसता प्रश्न पाठवा.